आजारी पडलो तर पगार मिळेल का? ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि ठेक्यावरच्या कामगारांसाठी आजारपणाच्या रजेची माहिती

इंदापूर-अकलूज रस्त्यावरचे बावडा असो की बारामती शहरातली एखादी पेठ, सकाळी सहाला झाडू आणि ढकलगाडी घेऊन निघणारी माणसे कोणत्या वस्तीतून येतात हे आपल्याला सांगावे लागत नाही. गटार काढणे, घंटागाडीवर कचरा उचलणे, पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवणे, मेलेले जनावर ओढून नेणे या कामांत आजही आपलेच लोक सर्वांत जास्त आहेत. ताप, खोकला, त्वचेचे विकार, काचेने कापलेला हात हे त्या कामाचे नेहमीचे सोबती. तरीही "चार दिवस आजारी होतो, त्याचे पैसे मिळतात का?" या साध्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक कामगारांना माहीत नसते. वस्तीत काम करणाऱ्या तरुणांनाही नसते. जातीच्या दाखल्यापासून घरकुलाच्या यादीपर्यंत सगळे आपण तोंडपाठ सांगतो, पण रजेचा हिशेब कुणी विचारत नाही.

एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही, ही यातली पहिली अडचण. एकाच गटारात उतरलेल्या चार माणसांची रजा चार वेगवेगळ्या नियमांनी ठरते. एक नगरपरिषदेचा कायम कर्मचारी असतो, दुसरा ग्रामपंचायतीने ठेवलेला, तिसरा ठेकेदाराचा, चौथा रोजंदारीचा. त्यामुळे माणूस मदतीला आला की आधी विचारायचे ते एवढेच: तुझा पगार कुणाच्या खात्यातून येतो आणि तुझी हजेरी कोण लावतो?

कायम कर्मचाऱ्याची रजा

बारामती आणि इंदापूर या दोन्ही ठिकाणी नगरपरिषदा आहेत आणि त्या १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाखाली चालतात. तिथला मंजूर पदावरचा कायम सफाई कामगार आणि जिल्हा परिषदेचा कर्मचारी (ग्रामसेवक म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, आरोग्यसेविका, शिक्षक) यांची रजा राज्य शासनाच्या नियमांच्या चौकटीत चालते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ हे त्या नियमांचे नाव. पुस्तक जाडजूड आहे, पण आपल्या कामाचा भाग थोडा आहे.

अर्जित रजा वर्षाला ३० दिवस. ती १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ अशी खात्यात जमा होते. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस, तीही दोन हप्त्यांत. आजारपणात खरा उपयोग होतो तो या अर्धवेतनी रजेचा, आणि नेमकी तीच लोकांना माहीत नसते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले तर दोन अर्धवेतनी दिवसांचा एक पूर्ण पगाराचा दिवस करून घेता येतो. याला परिवर्तित रजा म्हणतात. समजा, एखाद्याने दहा वर्षे ही रजा वापरलीच नाही. त्याच्या खात्यात २०० अर्धवेतनी दिवस आहेत, म्हणजे आजारपणात १०० दिवस पूर्ण पगार. क्षयरोगाचा सहा महिन्यांचा औषधोपचार सुरू झालेल्या माणसासाठी हे १०० दिवस म्हणजे घरात चूल पेटण्याचा प्रश्न आहे. खाते रिकामे असेल तर अनर्जित रजा मागता येते. ती पुढच्या सेवेत मिळणाऱ्या रजेतून उसनी घेतलेली असते. तीही संपली तर असाधारण रजा. तिला पगार नाही, पण नोकरी तुटत नाही.

साहेब लोक हमखास एक वाक्य ऐकवतात: "रजा हा हक्क नाही." नियम १० मध्ये तसे म्हटलेले आहे, हे खरे. मात्र त्याच नियमात पुढे असेही आहे की कर्मचाऱ्याने मागितलेल्या रजेचा प्रकार अधिकाऱ्याने स्वतःच्या मर्जीने बदलायचा नाही. म्हणजे प्रमाणपत्रासह परिवर्तित रजा मागितली असेल आणि ती शिल्लक असेल, तर कार्यालयाने परस्पर ती बिनपगारी लिहिणे चूक आहे. नियमाचा पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो, दुसरा सोयीने विसरला जातो.

कायम कामगारांचे नुकसान बहुतेक वेळा कागदामुळे होते. ताप आला, माणूस घरी पडून राहिला, आठ दिवसांनी कामावर गेला. अर्ज नाही, प्रमाणपत्र नाही. मुकादमाने हजेरीपत्रकावर गैरहजेरी मांडली. असे दरवर्षी दोन-तीनदा झाले की सेवापुस्तकात अनधिकृत गैरहजेरीचा डोंगर होतो आणि निवृत्तीच्या वेळी तो समोर येतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळण्याची जी तरतूद आहे (तिचे एकत्रित शासन निर्णय २४ फेब्रुवारी २०२३ रोजी निघाले), तिच्या प्रकरणातही बापाचे किंवा आईचे सेवापुस्तक उघडले जाते. तेव्हा चार ओळींचा अर्ज, सोबत प्रमाणपत्र आणि आवक क्रमांक घातलेली पोच हवी. स्वतः जाता येत नसेल तर घरातल्या कुणीही नेऊन द्यावा. कामावर परतताना तंदुरुस्तीचा दाखलाही लागतो, तो विसरू नये.

काम करताना अपंगत्व आले तर आणखी एक कायदा मदतीला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यायचे, दुसरे पद नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवायचे. या कायद्यातल्या सरकारी आस्थापनेच्या व्याख्येत स्थानिक प्राधिकरणे येतात. बोट तुटलेल्या, दृष्टी गेलेल्या कामगाराकडून "स्वेच्छेने" राजीनामा लिहून घेण्याचे प्रकार ऐकू आले तर हे कलम लगेच पुढे करावे.

ग्रामपंचायतीचा कर्मचारी

बावड्यासारख्या मोठ्या गावच्या ग्रामपंचायतीला लिपिक, शिपाई, पाणीपुरवठा कर्मचारी, सफाई कामगार अशी माणसे लागतात. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ६१ प्रमाणे ही माणसे ग्रामपंचायत नेमते आणि त्यांचा पगार ग्रामनिधीतून द्यायचा असतो. किमान वेतनासाठी राज्य शासन आपला हिस्सा देते. ग्रामसेवकाचा पगार जिल्हा परिषदेचा, त्याची रजा शासकीय नियमांची. त्याच कार्यालयाच्या ओट्यावर बसलेल्या सफाई कामगाराचा मालक मात्र ग्रामपंचायत, म्हणजे व्यवहारात सरपंच आणि मासिक सभा. हा फरक समजला नाही तर तक्रार चुकीच्या दारात जाते.

शासनाचे सेवाशर्तींचे नियम आणि ग्रामपंचायतीचे ठराव यांवर या कर्मचाऱ्याची रजा अवलंबून असते. म्हणून ग्रामपंचायतीकडून चार कागद मागावेत: मंजूर आकृतिबंध, कर्मचाऱ्याचा नेमणूक आदेश, रजेबाबतचे ठराव आणि रजेचा हिशेब. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तर फुकट, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. रजेचा हिशेबच ठेवला नसेल, तर तसे लेखी उत्तर हाच मोठा पुरावा ठरतो.

स्थानिक प्राधिकरणातली नोकरी १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत पहिल्यापासून होती. "ग्रामपंचायत ही सेवा आहे, मालक-नोकर नाते नाही" हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही. गावोगाव आणखी एक वाईट चाल आहे, एक दिवस दांडी पडली की दोन दिवसांचा पगार कापायचा. ती बेकायदा आहे. वेतन कायद्यानुसार गैरहजेरीची कपात गैरहजर दिवसांच्या प्रमाणातच करता येते. याला अपवाद एकच: दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, नोटीस न देता आणि योग्य कारणाशिवाय गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंत कपात होऊ शकते. कामबंद करण्याआधी तरुण मंडळींनी एवढे लक्षात ठेवावे. नोटीस द्यावी, मगच बसावे.

ठेकेदाराचा कामगार: खरी मारामारी इथे

घंटागाडी, रस्ते सफाई, गटारे यांचे ठेके दिले जाऊ लागले तसा कायम कामगार कमी झाला. ठेक्यावरच्या माणसाला वाटते की आपल्याला रजाच नसते. हा समज ठेकेदाराच्या फायद्याचा आहे आणि चुकीचा आहे.

कर्मचारी राज्य विमा, ज्याला सगळे ईएसआय म्हणतात, ही त्याची मुख्य आजारपणाची रजा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला ही योजना लागू आहे. मोजताना एका गावातली माणसे मोजायची नाहीत, ठेकेदाराची सगळी मोजायची. गावात पाच आणि शेजारच्या तीन गावांत पंधरा असतील, तर तो वीस माणसांचा मालक झाला. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार यात येतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. १२,००० पगारावर कामगाराचे ९० रुपये, मालकाचे ३९०.

बदल्यात काय मिळते? सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या लाभ काळात आजारपणासाठी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनसाठी धरली जाते, ऑक्टोबर ते मार्चची जुलै ते डिसेंबरसाठी. ४०० रुपये रोज असलेला माणूस २० दिवस टायफॉइडने पडला, तर पहिले दोन दिवस सोडून १८ दिवसांचे, रोज २८० प्रमाणे ५,०४० रुपये त्याच्या खात्यात यायला हवेत. क्षयरोग, कर्करोग अशा ३४ दीर्घ आजारांसाठी, दोन वर्षांची विमित नोकरी झालेली असेल, तर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ वाढतो. शिवाय कुटुंबाचा औषधोपचार. आणि कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना त्याला कामावरून काढायला कायद्याने मनाई आहे.

ठेकेदार पाऊण टक्का कापतो आणि भरत नाही, किंवा विमा क्रमांकच काढत नाही, हा सगळ्यांचा अनुभव आहे. इथे लक्षात ठेवायचा मुद्दा असा की जबाबदारी एकट्या ठेकेदाराची नाही. वर्गणी भरली जाते की नाही याला मूळ नियोक्ता, म्हणजे नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत, जबाबदार आहे. ठेकेदाराने नाही भरली तर तिने भरायची आणि त्याच्या बिलातून वळती करून घ्यायची. म्हणून "ठेकेदाराला विचारा" असे उत्तर मुख्याधिकाऱ्यांनी दिले तर ते लेखी मागावे. ठेक्याचा करारनामा, दरमहा बिलासोबत जोडलेली ईएसआय आणि भविष्य निर्वाह निधीची चलने, कामगारांची यादी ही कागदपत्रे नगरपरिषदेकडे असायलाच हवीत, कारण त्याशिवाय बिल मंजूर करणे हीच अनियमितता आहे. यादीतले नाव आणि रस्त्यावरचा माणूस जुळतो का, हे तपासायला वस्तीतल्या दोन पोरांना एक सकाळ पुरते.

राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ठेकेदाराच्या आस्थापनेला लागू असेल, तर त्यातली वर्षाला ८ किरकोळ रजांची तरतूदही मागता येते. बहुतेक ठेकेदारांनी ती ऐकलेलीसुद्धा नसते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही श्रम संहिता लागू झाल्या आहेत. ईएसआय आणि प्रसूती लाभ आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आले, किमान वेतन आणि पगारकपात वेतन संहितेत. जुन्या कायद्यांखालचे नियम आणि अधिसूचना नव्या संहितांशी विसंगत नसतील तोवर चालू राहतात. अर्ज लिहिताना जुन्या कायद्यासोबत नव्या संहितेचेही नाव लिहावे, म्हणजे "हा कायदा रद्द झालाय" असे म्हणून अर्ज परत करायला वाव राहत नाही.

रोजंदारी, हजेरी आणि बाळंतपण

रोजंदारीवरच्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा मिळते का? दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरच्या महिला कामगार हा प्रश्न घेऊन लढल्या. पालिकेचे म्हणणे होते की त्या कायम नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००० मध्ये निकाल दिला की प्रसूती लाभ कायम आणि रोजंदार असा भेद करत नाही. दिवसभर उन्हात खडी उचलणाऱ्या बाईलाच त्याची अधिक गरज आहे, हा त्या निकालाचा गाभा. मालक स्थानिक स्वराज्य संस्था होती, कामगार रोजंदार होत्या, म्हणून आपल्यासाठी यापेक्षा जवळचा निकाल नाही. आता ही रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची आहे आणि अट आहे आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याची.

अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना प्रसूतीसाठी १८० दिवसांची आणि वर्षाला २० दिवसांची मानधनी रजा आहे. आशा ताईंची स्थिती सर्वांत वाईट. त्यांना कागदावर स्वयंसेविका म्हटले जाते आणि मोबदल्याचा मोठा भाग कामावर आधारित असतो. गावाच्या तापाची नोंद ठेवणारी बाई स्वतः तापाने पडली की तिचे उत्पन्न थांबते.

"स्वयंसेवक" हा शब्द मुंबईतही वापरून झाला आहे. महापालिकेने कचरा उचलणारे कामगार संस्थांचे स्वयंसेवक म्हणून दाखवले होते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने तो लढा वर्षानुवर्षे नेटाने चालवला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांच्या बाजूचा निकाल कायम ठेवला. ठेका बनावट, कामगार महापालिकेचेच. अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, गाझियाबाद नगर निगमच्या माळी कामगारांच्या प्रकरणातही न्यायालयाने म्हटले की २००६ च्या उमादेवी निकालाची ढाल करून वर्षानुवर्षे कायम स्वरूपाचे काम तात्पुरत्या माणसाकडून करून घेता येणार नाही. महाराष्ट्रात याच्या जोडीला १९७१ चा अनुचित कामगार प्रथा कायदा आहे. कामगाराला कायमपणापासून वंचित ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरता ठेवणे ही त्यात अनुचित प्रथा ठरवली आहे. तक्रार ९० दिवसांत करायची असते. आजारपणावरून काढून टाकलेल्या माणसाचे हे ९० दिवस "बघू, साहेबांशी बोलू" यात निघून जातात, ते जाऊ देऊ नयेत.

हा हक्क आला कुठून

आजारी कामगाराला पैसे द्यावेत ही कल्पना जर्मनीत १८८३ मध्ये कायद्यात आली. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात खासगी नोकरांना पगारी आजारपणाची रजा देणारा देशव्यापी कायदा आजही नाही. तिथे सॅन फ्रान्सिस्को शहराने २००७ पासून स्वतःच्या हद्दीत ती सक्तीची केली आणि मग इतर शहरे, राज्ये मागे आली. म्हणजे एक स्थानिक संस्था पुढाकार घेऊ शकते.

आपल्याकडे उलटे होते. ब्रिटिशकाळातल्या अनेक नगरपालिका कायद्यांत सफाई कामगाराने नोटीस न देता काम सोडणे हा शिक्षेचा गुन्हा होता. त्याची रजा हक्क होण्याच्या कितीतरी आधी त्याची गैरहजेरी गुन्हा झाली. बाबासाहेबांनी हे पाहिले होते. त्यांनी मुंबईत म्युनिसिपल कामगारांची संघटना बांधली, १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूर मंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अडारकर अहवाल त्याच काळात, १९४४ मध्ये, आला आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. कारखान्यातल्या कामगाराला पगारी सुट्टी देणारी दुरुस्तीही त्यांच्याच खात्याची. जयंतीच्या भाषणांत आपण "आठ तासांचा दिवस" सांगतो, पण पगारी सुट्टी आणि आजारविमा सांगायचे राहून जाते.

बावड्याचे नाव घेताना १९७२ विसरता येत नाही. त्या वर्षी इथे दलितांवर बहिष्कार टाकला गेला आणि ब्राह्मणगावच्या घटनेबरोबर त्या बातमीने पेटलेल्या तरुणांतून दलित पँथर उभी राहिली. बहिष्काराचे मुख्य हत्यार मजुरी बंद करणे हेच असते. "उद्यापासून येऊ नको" हे वाक्य कुठल्याही गावात आजारी कामगाराला ऐकवले जाते, तेव्हा लेखी नियम नसणे हेच त्या वाक्याचे बळ असते.

वस्तीतून काय करता येईल

सुरुवात यादीने करावी. आपल्या गावात ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिल्हा परिषद किंवा त्यांच्या ठेकेदाराकडे काम करणारे किती जण आहेत, त्यांचा प्रकार कोणता, ईएसआय क्रमांक आहे का, हे एका वहीत लिहून काढायचे. विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर बसले तरी हे होते. ज्याच्या पगारातून कपात होते आणि हातात विमा क्रमांक नाही, त्याचे प्रकरण आधी घ्यावे. पगारातून कापलेले पैसे न भरणे हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार ईएसआय महामंडळाच्या पुण्यातल्या कार्यालयात लेखी करता येते.

कामावर असताना जखम झाली तर ती त्याच दिवशी लेखी कळवावी. इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय असो की बारामतीचे शासकीय रुग्णालय, केसपेपरवर "गटार काढताना काच लागून जखम" असे डॉक्टरांना लिहायला सांगावे. नुसते "जखम" लिहिलेले असेल तर नुकसानभरपाईचा दावा तिथेच लंगडा होतो. ईएसआय नसलेल्या कामगारालाही कामावरच्या अपघातातून आलेल्या तात्पुरत्या असमर्थतेसाठी दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के इतकी भरपाई मागता येते.

ग्रामसभेतही हा विषय नेता येतो. मागासवर्गीयांसाठीच्या १५ टक्के निधीवर आपले लोक बारीक लक्ष ठेवतात, ते योग्यच. पण अंदाजपत्रकात कर्मचाऱ्यांवरच्या खर्चाचे एक पान असते, ते कुणी उघडत नाही. आजारी कामगाराच्या जागी बदली माणूस लावण्यासाठी त्यात तरतूद नसेल, तर सरपंच कितीही भला असला तरी रजा देताना हात आखडतो, कारण गटार तर रोज काढायचेच असते. नवे आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी, अंदाजपत्रक मांडले जाते त्या वेळी, बदली कामगाराच्या मजुरीसाठी स्वतंत्र रक्कम ठेवावी आणि प्रत्येक कर्मचाऱ्याचा रजेचा हिशेब दर सहा महिन्यांनी कार्यालयाच्या फलकावर लावावा, असा ठराव लेखी द्यावा आणि कार्यवृत्तात आला की नाही हे नक्कल काढून पाहावे.